नाव नसलेल्यांचा पत्ता

१/
११ मे १९३५, शनिवार. अमेरिकेतील ओहायो राज्याचे ॲक्रन शहर. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत चाळिशीला टेकलेला एक उंच गृहस्थ येरझाऱ्या घालत होता. लॉबीच्या एका टोकाला बार होता आणि तेथील गर्दीचे हसणे-बोलणे बाहेरपर्यंत ऐकू येत होते. दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि त्याच्याजवळ शहरातील चर्चची यादी लावलेली होती. गृहस्थाच्या खिशात जेमतेम दहा डॉलर उरले होते. ज्या कामासाठी तो न्यूयॉर्कहून आला होता ते फसले होते. बारमध्ये जावे की टेलिफोनकडे, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे होता.

तो टेलिफोनकडे वळला. मद्याच्या विळख्यातून सुटू पाहणारा माणूस आज जगाच्या पाठीवर कुठेही ‘माझ्या जवळपास सभा कुठे भरते?’ असे विचारतो, तेव्हा त्याच्या प्रश्नाचा इतिहास या टेलिफोनपाशी येऊन पोहोचतो.

२/
या गृहस्थाचे नाव बिल विल्सन. व्हरमाँट राज्यात १८९५ साली जन्मलेला, वॉल स्ट्रीटवर कंपन्यांचा अभ्यास करून गुंतवणुकीचे सल्ले देणारा हुशार माणूस. मद्याने त्याची नोकरी, पत आणि प्रकृती तिन्ही गिळली होती. न्यूयॉर्कच्या टाऊन्स रुग्णालयात तो अनेकदा दाखल झाला. डिसेंबर १९३४ मधील भरती शेवटची ठरली. त्यानंतर त्याने मद्याला स्पर्श केला नव्हता. ॲक्रनमध्ये तो रबर उद्योगाशी संबंधित एका कंपनीच्या मालकीहक्काच्या लढाईसाठी आला होता आणि ती लढाई त्याचा पक्ष हरला होता.

मद्यमुक्तीला पाच महिने झाले होते. या पाच महिन्यांत त्याने न्यूयॉर्कमधील कित्येक मद्यपींना सुधारण्याचा प्रयत्न केला. त्यांतील एकही टिकला नाही. मात्र एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती. इतरांना सावरण्याच्या या खटपटीत तो स्वतः कोरडा राहिला होता.

३/
म्हणून त्या संध्याकाळी त्याला डॉक्टर नको होता, उपदेशकही नको होता. त्याला आणखी एक मद्यपी हवा होता, ज्याच्याशी बोलता येईल असा. परक्या शहरात असा माणूस शोधायचा तरी कसा? त्यासाठी कोणतीही यादी नव्हती, कार्यालय नव्हते, संस्था नव्हती.

त्याने चर्चच्या यादीतील एका नावावर बोट ठेवले आणि वॉल्टर टंक्स नावाच्या धर्मोपदेशकाला फोन लावला. टंक्स यांनी काही व्यक्तींची नावे दिली. एकामागून एक फोन फुकट गेले. अखेरीस दुवा जुळला तो हेन्रिएटा सायबरलिंग यांच्याशी. गुडइयर या टायर कंपनीच्या संस्थापकाच्या त्या सूनबाई. योगायोग असा, की त्या स्वतः एका मित्राचे मद्यपान सुटावे म्हणून प्रार्थना करणाऱ्या मंडळींपैकी होत्या. तो मित्र म्हणजे शहरातील शल्यचिकित्सक डॉ. रॉबर्ट स्मिथ, पुढे जगाला ‘डॉ. बॉब’ म्हणून माहीत झालेले.

४/
त्या दिवशी भेट होणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी मातृदिन होता. डॉक्टरांनी पत्नीसाठी कुंडीतले रोप आणले होते खरे, पण ते स्वतः शुद्धीवर नव्हते. १२ मे रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास ते सायबरलिंग यांच्या घरी आले ते पंधरा मिनिटांचीच अट घालून. संभाषण रात्री अकरा वाजून गेल्यावर संपले.

या भेटीत नवे काय होते? डॉ. बॉब यांना मद्याचे दुष्परिणाम सांगण्याची गरज नव्हती, ते स्वतःच डॉक्टर होते. धर्माचा उपदेशही त्यांनी पुष्कळ ऐकला होता. प्रथमच त्यांच्यासमोर असा माणूस बसला होता, जो स्वतःच्या अनुभवातून बोलत होता आणि ज्याला या संभाषणाची तितकीच गरज होती. टाऊन्स रुग्णालयातील डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी विल्सनला प्रवचने थांबवून आधी आजाराविषयी बोलण्याचा सल्ला दिला होता. ॲक्रनमध्ये त्याने तो पाळला.

५/
यश एका रात्रीत आले नाही. काही आठवड्यांतच डॉ. बॉब एका वैद्यकीय परिषदेसाठी अटलांटिक सिटीला गेले आणि पुन्हा प्यायले. परतल्यावर त्यांना एक शस्त्रक्रिया करायची होती. हात स्थिर राहावा म्हणून विल्सनने त्यांना बिअरची एक बाटली दिली. ती त्यांची शेवटची. तो दिवस १० जून १९३५ होता असे मानले जाते आणि संघटनेचा स्थापनादिनही तोच धरतात. परिषदेच्या तारखा तपासणारे काही अभ्यासक मात्र तो दिवस थोडा पुढचा असावा असे म्हणतात.

यानंतर दोघांनी ॲक्रन सिटी रुग्णालयात फोन करून विचारले, ‘आमच्यासारखा एखादा रुग्ण आहे का?’ होता. एक वकील, परिचारिकांवर हात टाकल्यामुळे पलंगाला बांधून ठेवलेला. तो तिसरा सदस्य ठरला. पहिल्या दोघांनी सदस्य कसा शोधला हे इथे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यांनी कोणी आपल्या दारी येण्याची वाट पाहिली नाही.

६/
इथे शंभर वर्षे मागे जाणे आवश्यक आहे, कारण मद्यपींनी मद्यपींना सावरण्याची कल्पना विल्सनची नव्हती. २ एप्रिल १८४० रोजी बाल्टिमोर शहरातील एका मद्यालयात बसलेल्या सहा मित्रांनी मद्य सोडण्याची शपथ घेतली आणि ‘वॉशिंग्टोनियन’ चळवळ सुरू झाली. सभांत माजी मद्यपी स्वतःची कहाणी सांगत, नव्यांकडून प्रतिज्ञापत्रावर सही घेत. चळवळ वणव्यासारखी पसरली. २२ फेब्रुवारी १८४२ रोजी स्प्रिंगफील्ड येथे त्यांच्यासमोर भाषण करणाऱ्या तरुण वकिलाचे नाव होते अब्राहम लिंकन.

दशक संपता संपता ही चळवळ जवळजवळ नामशेष झाली. व्यासपीठावर गाजणारे वक्ते पुन्हा प्यायले की चळवळीची बदनामी होई. दारूबंदीचे राजकारण आणि इतर सामाजिक वाद तिच्यात शिरले. मूळ काम, म्हणजे एका मद्यपीने दुसऱ्याच्या शेजारी बसणे, मागे पडले. प्रसिद्धी आणि मतभेद यांनी एखाद्या उपयुक्त चळवळीचे काय होते याचा हा धडा पुढे विल्सनला फार उपयोगी पडला.

७/
१९३५ ते १९३९ या काळात सभा शोधण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे कोणीतरी हाताला धरून नेणे. ॲक्रनमध्ये एका सदस्याच्या मित्राच्या घरी मंडळी जमत. न्यूयॉर्कमध्ये विल्सन दांपत्याच्या ब्रुकलिनमधील क्लिंटन स्ट्रीटवरील घरात दर मंगळवारी बैठक होई. या मंडळींना अद्याप स्वतंत्र नावही नव्हते. ती ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या ख्रिस्ती पुनरुज्जीवनवादी चळवळीचा भाग समजली जात.

१९३७ च्या अखेरीस विल्सन आणि डॉ. बॉब यांनी हिशोब मांडला तेव्हा दोन्ही शहरे मिळून चाळीसच्या आसपास लोक टिकून राहिले होते. आकडा लहान होता, पण ज्या आजारावर वैद्यकशास्त्राने हात टेकले होते त्यात तो चमत्कारासारखा वाटला. आता प्रश्न वेगळाच पडला. शिकागो किंवा टेक्सासमधल्या माणसाला हे कसे कळणार? त्याचा हात धरून कोण आणणार?

८/
उत्तर पुस्तकाच्या रूपाने आले. एप्रिल १९३९ मध्ये ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नावाचा अर्थ ‘अनामिक मद्यपी’. लेखनाचा मोठा भार विल्सनने उचलला, पण मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नव्हते. जिथे सभा नाही तिथल्या वाचकाने केवळ पुस्तकाच्या आधारे सुरुवात करावी, ही त्यामागची योजना होती.

वाचकांनी पत्र लिहावे म्हणून एक पत्ता ठरला होता. पोस्ट बॉक्स ६५८, चर्च स्ट्रीट ॲनेक्स, न्यूयॉर्क. नाव नसलेल्या लोकांचा जगातील पहिला जाहीर पत्ता म्हणजे टपाल कार्यालयातील एक पेटी होती. तिच्यामागे ना भव्य इमारत होती, ना एखाद्या नेत्याचे घर.

९/
पुस्तक प्रारंभी खपले नाही. पण त्याचे नाव उपयोगी पडले. क्लीव्हलँडहून काही मंडळी ॲक्रनच्या बैठकीला येत. त्यांत कॅथलिक होते आणि ऑक्सफर्ड ग्रुपच्या धार्मिक पद्धतींमुळे त्यांची आपल्या चर्चपुढे अडचण होत होती. मे १९३९ मध्ये क्लेरन्स स्नायडर यांच्या पुढाकाराने क्लीव्हलँडकर वेगळे झाले आणि त्यांनी पुस्तकाचेच नाव आपल्या गटाला दिले. ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ म्हणजेच ‘ए.ए.’ हे नाव एखाद्या सभेला लागले ते असे.

१९३९ च्या शरद ऋतूत तेथील ‘प्लेन डीलर’ दैनिकाने या गटावर लेखमाला छापली. क्लीव्हलँडमधील मूठभर सदस्यांवर शेकडो विनंत्या कोसळल्या. काही आठवड्यांपूर्वी आलेला माणूस आज नव्याला मार्ग दाखवू लागला. त्यातून एक पद्धत रुजली. प्रत्येक नवागतामागे एक जुना सदस्य असावा, जो त्याला सभेला घेऊन येईल आणि अडल्या वेळी फोनवर भेटेल. या सदस्याला ‘स्पॉन्सर’ म्हणतात. सभा शोधणे म्हणजे केवळ जागा शोधणे नव्हे, माणूस शोधणे, ही समज तेव्हापासून पक्की झाली.

१०/
मग १ मार्च १९४१ उजाडला. ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’ या देशभर वाचल्या जाणाऱ्या साप्ताहिकात जॅक अलेक्झांडर यांचा लेख आला. हा पत्रकार राजकीय भ्रष्टाचार उघड करण्यासाठी प्रसिद्ध होता आणि इथेही काही बनवाबनवी सापडेल अशा अपेक्षेने आला होता. शहरोशहरी सभांना बसल्यावर त्याचे मत पालटले.

लेख येण्याच्या सुमारास सदस्यसंख्या २,००० च्या घरात होती. वर्ष संपताना ती ८,००० झाली. न्यूयॉर्कच्या लहानशा कार्यालयात पत्रांचे ढीग पडले. ते कार्यालय सांभाळणाऱ्या रूथ हॉक या सचिव स्वतः मद्यपी नव्हत्या. प्रत्येक पत्रातील गावाच्या जवळ कोणी सदस्य आहे का, हे पाहून उत्तर पाठवणे हे काम. जिथे कोणी नसे, तिथे पुस्तक आणि धीराचे चार शब्द जात.

११/
या काळातील सर्वांत सुंदर जाळे विक्रेत्यांचे होते. अनेक सदस्य गावोगाव हिंडून माल विकत. न्यूयॉर्क किंवा क्लीव्हलँडहून त्यांच्या हाती त्या त्या भागातून पत्र लिहिणाऱ्यांची नावे दिली जात. दिवसा खिडक्यांचे पडदे विकणारा माणूस संध्याकाळी एखाद्या अनोळखी दारावर थाप देई. दक्षिणेकडील कित्येक शहरांत पहिला गट असाच उभा राहिला.

समुद्रावर नोकरी करणाऱ्यांना तर ठरलेल्या सभेला जाणेच अशक्य. तेव्हा १९४० च्या दशकात जहाजांवरील सदस्य एकमेकांना पत्रे लिहू लागले. कुठल्या बंदरात कोण भेटेल हे टपालाने कळे. जिथे आसपास एकही सदस्य नाही अशा एकाकी सदस्यांसाठीही हीच पत्रसभा होती. ज्यांना वाटते की अंतरावरून भरणारी सभा हा इंटरनेटचा शोध आहे, त्यांनी ही टपालाची पिशवी विसरू नये.

१२/
शहरे मोठी होती तिथे गट वाढले. आज कोणत्या चर्चच्या तळघरात, उद्या कोणत्या सभागृहात, किती वाजता, हे सांगायला एक मध्यवर्ती कार्यालय लागू लागले. टेलिफोन उचलायला पाळीपाळीने सदस्य बसत. त्यातून जन्मली ‘सभासूची’: वार, वेळ, जागा आणि एक महत्त्वाची खूण, सभा ‘खुली’ की ‘बंद’.

खुल्या सभेला कोणीही बसू शकतो. नातेवाईक, विद्यार्थी, डॉक्टर, केवळ जिज्ञासू, सर्व. बंद सभा फक्त त्यांच्यासाठी, ज्यांना मद्य सोडण्याची इच्छा आहे. हा भेद किरकोळ नाही. ज्याला जगासमोर तोंड उघडायची भीती वाटते, त्याला दार बंद असल्याचा दिलासा त्यातून मिळतो. आणि ज्याला आपण मद्यपी आहोत की नाही याचीच खात्री नाही, त्याला खुल्या सभेत मागच्या खुर्चीवर बसून ऐकता येते.

१३/
इथे या इतिहासातील खरा पेच समोर येतो. संघटनेला सापडायचे होते आणि सदस्यांना लपायचे होते. १९४० मध्ये रॉली हेम्सली हा प्रसिद्ध बेसबॉल खेळाडू आपण ए.ए.मुळे सावरलो असे वृत्तपत्रांत नावानिशी म्हणाला. प्रसिद्धी मोठी मिळाली. पण उद्या असा एखादा नामवंत पुन्हा प्यायला तर? वॉशिंग्टोनियनांचा शेवट विल्सनला ठाऊक होता. शिवाय त्या काळी मद्यपी हा शब्द नोकरी घालवायला पुरेसा होता.

तोडगा ‘बारा परंपरा’ या तत्त्वांतून निघाला. त्या १९४६ मध्ये संघटनेच्या ‘ग्रेपव्हाइन’ मासिकात प्रथम आल्या आणि १९५० मध्ये क्लीव्हलँड येथील अधिवेशनात स्वीकारल्या गेल्या. वृत्तपत्रे, रेडिओ, चित्रपट यांत सदस्याचे नाव येऊ नये; संघटनेने आपला प्रचार करू नये, तिच्याकडे लोक आकर्षित व्हावेत; बाहेरून देणग्या घेऊ नयेत; बाह्य वादांत पडू नये. थोडक्यात, सभेचा पत्ता सर्वांना कळावा, सदस्याचे नाव कोणाला कळू नये.

१४/
परंपरांपैकी तिसरी सर्वांत क्रांतिकारक म्हणावी लागेल. सुरुवातीच्या काळात प्रत्येक गटाने प्रवेशाचे आपापले नियम केले होते. न्यूयॉर्क कार्यालयाने ते सर्व मागवून एकत्र लिहिले. यादी इतकी लांब झाली की ते सगळे नियम सर्वत्र लागू केले असते तर एकही मद्यपी ए.ए.मध्ये येऊ शकला नसता. तेव्हा एकच अट उरली: मद्य सोडण्याची इच्छा.

कागदावरची अट आणि खोलीतला व्यवहार यांत मात्र अंतर होते. प्रारंभी स्त्रियांकडे संशयाने पाहिले गेले. १९३९ मध्ये आलेल्या मार्टी मॅन या टिकून राहिलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक, पुढे मद्यासक्ती हा आजार आहे हे अमेरिकेला पटवून देण्यात त्यांचा वाटा मोठा. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांना अनेक सभांची दारे उघडी नव्हती. १९४५ साली वॉशिंग्टन शहरात एका कृष्णवर्णीय डॉक्टरच्या पुढाकाराने त्यांचा स्वतंत्र गट उभा राहिला. सूचीत पत्ता असणे आणि त्या पत्त्यावर आपल्याला खुर्ची मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१५/
खुर्ची आणखी एका वर्गाला हवी होती. सभा चालू असताना बाहेर मोटारीत किंवा स्वयंपाकघरात थांबणाऱ्या बायकांना. व्यसन एका माणसाचे असते, पण त्याभोवती अख्खे घर आजारी पडते. विल्सनची पत्नी लोइस आणि तिच्या एका सहकारी स्त्रीने १९५१ मध्ये कुटुंबीयांच्या गटांना एकत्र आणून ‘अल-अनॉन’ ही स्वतंत्र संघटना सुरू केली. मद्यपी सभेला येवो वा न येवो, त्याच्या घरच्यांना स्वतःची सभा असावी, हे त्यामागचे सूत्र.

१६/
सभेच्या मर्यादाही इतिहासात स्पष्ट दिसतात. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने एकाएकी मद्य थांबवले तर शरीर बंड करते. हातापायांचा कंप, झटके, भास आणि क्वचित मृत्यूही. म्हणून पहिल्या पिढीनेच रुग्णालयाची कास धरली. १९३९ पासून ॲक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया आणि डॉ. बॉब यांनी मिळून मद्यपींना दाखल करून घेण्याची व्यवस्था केली. त्या काळी रुग्णालये अशा रुग्णाला टाळत. १९५० मध्ये डॉ. बॉब यांचे निधन होईपर्यंत पाच हजारांच्या आसपास रुग्ण त्यांच्या हाताखालून गेले असे सांगितले जाते. शरीर स्थिर करायचे काम डॉक्टरचे, त्यानंतरच्या आयुष्याचे काम सभेचे, ही वाटणी तिथे ठरली.

१७/
आता या कथेला आपल्या भूमीचा स्पर्श होतो. भारतातील ए.ए.चा आरंभ १९५७ साली मुंबईत झाला. तो काळ ध्यानात घ्यावा. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यान्वये राज्यात परवान्याशिवाय मद्य बाळगणे आणि पिणे हा गुन्हा होता. अमेरिकेतील दारूबंदी १९३३ मध्ये उठली आणि त्यानंतर दीड वर्षाने ए.ए. जन्मली. मुंबईत ती अवतरली ती दारूबंदीच्या ऐन अमलात.

याचा अर्थ काय, याचा विचार व्हावा. ॲक्रनमध्ये ‘मी मद्यपी आहे’ हे वाक्य लाजिरवाणे होते. मुंबईत ते गुन्ह्याच्या कबुलीजवळ जाणारे होते. अनामिकतेला इथे आणखी एक धार आली. कायदा बाटली जप्त करू शकत होता, पण बाटली सुटल्यानंतरची संध्याकाळ कशी काढायची हे कायद्याच्या कक्षेबाहेरचे होते. तिथे लागत होती ती एक खोली आणि त्यात आधी बसलेली दोन माणसे.

१८/
महाराष्ट्राने या परंपरेत स्वतःची भर घातली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता अवचट या तेथे मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांचे पती अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर केलेल्या लेखनाने महाराष्ट्र हादरला होता. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि केंद्राला बळ मिळाले.

इथे उपचार निवासी आहेत, पण घरी गेल्यानंतरचा पाठपुरावा हाही उपचाराचाच भाग मानला जातो. गावोगावच्या पाठपुरावा सभा, बरे झालेल्यांनी नव्यांशी बोलणे, पत्नींसाठी वेगळा गट, या सर्वांमागे ॲक्रनमधल्या त्या संध्याकाळचे सूत्र ओळखू येते. सावरलेला माणूस हाच सावरू पाहणाऱ्याचा पहिला सोबती.

१९/
हे सर्व खरोखर उपयोगी पडते का? अनेक दशके याचे उत्तर श्रद्धेवर आणि वैयक्तिक कहाण्यांवर सोडले गेले. २०२० मध्ये कोक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची चिकित्सा करणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,००० हून अधिक सहभागी यांचा आढावा प्रसिद्ध केला. मद्यापासून सातत्याने दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि तिच्याकडे सुनियोजितपणे वळवणारे उपचार हे इतर मान्यताप्राप्त मानसोपचारांइतके, आणि काही बाबतींत अधिक, परिणामकारक दिसले.

ही एकमेव वाट मात्र नव्हे. ए.ए.च्या बारा पायऱ्यांत ‘आपल्याहून मोठ्या शक्ती’चा उल्लेख आहे आणि तो काहींना अडतो. जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७० च्या दशकात केवळ स्त्रियांसाठी वेगळी संघटना काढली. पुढे ईश्वराचा उल्लेख नसलेले गटही निघाले. एका खोलीत जीव रमला नाही तर दुसरी खोली शोधावी, असेच हा इतिहास सांगतो.

२०/
संघटनेने आपल्या सूत्राची किंमतही मोजली. १९५४ मध्ये येल विद्यापीठाने विल्सनला मानद पदवी देऊ केली. नावानिशी सन्मान घेतला तर परंपरेचे काय, या विचाराने त्याने ती नम्रपणे नाकारली. २४ जानेवारी १९७१ रोजी तो गेला आणि त्यानंतरच त्याचे पूर्ण नाव वृत्तपत्रांतून जगभर पसरले. तोपर्यंत लक्षावधी लोकांसाठी तो फक्त ‘बिल डब्ल्यू.’ होता.

आणि संघटनेला मात्र पत्ता आहे. पोस्ट बॉक्सची जागा टेलिफोनने घेतली, टेलिफोनची छापील सूचीने, सूचीची मोबाईलमधील नकाशाने. २०२० च्या टाळेबंदीत सभांच्या खोल्यांना कुलपे लागली तेव्हा सदस्य काही दिवसांतच पडद्यावर एकत्र जमू लागले. शोधण्याचे साधन बदलले. पलीकडे माणूस असण्याची गरज तशीच राहिली.

२१/
आज मुंबई, पुणे, पणजी किंवा नाशिकमध्ये कोणी ही सभा शोधू लागला तर त्याने विचारायचे प्रश्न १९४० च्या दशकातलेच आहेत. सभा कोणत्या वारी आणि किती वाजता? खुली की बंद? कोणत्या भाषेत? मुंबईत मराठी, हिंदी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांत सभा भरतात आणि स्वतःची लाज परक्या भाषेत सांगणे कठीण असते. घरच्यांसाठी वेगळी सभा आहे का? पहिल्या दिवशी दाराशी कोणी भेटेल का? रोज पिणाऱ्याने एकदम थांबण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हा मात्र पहिला नियम. कोठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर केंद्र शासनाची १४४४६ ही विनाशुल्क व्यसनमुक्ती मदतवाहिनी आहे.

सभेत नाव विचारले जात नाही. पैसे भरावे लागत नाहीत. पहिल्या दिवशी बोलण्याची सक्ती नसते.

२२/
ॲक्रनमधील मेफ्लॉवर हॉटेल आता हॉटेल राहिलेले नाही. इमारतीत निवासी सदनिका झाल्या. डॉ. बॉब यांचे घर २०१२ पासून अमेरिकेचे राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक आहे आणि दर जूनमध्ये हजारो लोक ते पाहायला येतात. त्यांतील बहुतेकांची आडनावे एकमेकांनाही ठाऊक नसतात.

१९३५ मधील त्या शनिवारी विल्सनने लावलेले पहिले काही फोन निष्फळ ठरले होते. कोणी घरी नव्हते, कोणाला वेळ नव्हता. यादीतले पुढचे नाव उरले होते म्हणून त्याने आणखी एक क्रमांक फिरवला, आणि पलीकडून हेन्रिएटा सायबरलिंग यांनी त्याला ताबडतोब घरी यायला सांगितले.